पुढच्याचा दिवा

पौष लागला की आमच्या मंडीच्या गावात रस्ता नाहीसा होतो. म्हणजे असतो तिथेच, पण दिसत नाही. ट्रॅक्टरवर बसल्यावर स्वतःच्या ट्रॅक्टरचं नाक दिसत नाही, तर रस्ता काय दिसणार डोंबल! सगळीकडे नुसतं पांढरं धुकं. आवाज येतात, पण कुठून येतात ते कळत नाही. गुरुद्वाऱ्यातला पाठ कानाशी ऐकू येतो, शेजारची म्हैस लांब कुठेतरी ओरडल्यासारखी वाटते, आणि आपण अजून रजईतच आहोत, हे सगळं झोपेत चाललंय, असं होऊन जातं.

अशा वेळी आमच्याकडे गाडी हाकायची एकच रीत. पुढच्याचा लाल दिवा धरायचा आणि त्याच्या मागे मागे जायचं. जो पुढे असेल तो आगू. आगूच्या पुढे जायचं नाही, त्याच्यावर हॉर्न मारायचा नाही, तो थांबला की थांबायचं. आगू कोण आहे, कुठे चाललाय, शुद्धीवर आहे की नाही, कुणी विचारत नाही. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात ना? आमच्यात पुढच्याला ठेच लागली की मागचा बरोबर त्याच दगडाला जाऊन अडखळतो.

माझा मामा बंतासिंग एका सकाळी जीप घेऊन घरी निघाला. मागे एक गाडी लागली, तिच्यामागे दुसरी, तिसरी. मामा आपला रमतगमत शेतातल्या घराकडे वळला, गोठ्यापुढे जीप लावली आणि खाली उतरून बघतो तर अंगणात अख्खी वरात! नवरदेव तोंडावर फुलांच्या माळा सोडून बसलेला. वरबाप हात जोडून म्हणाला, "लग्नघर हेच ना?" मामी चुलीपासून ओरडली, "मुलगी नाही माझ्याकडे, पण पराठे आहेत. उतरा!" अजूनही त्या नवरदेवाच्या घरून दर दिवाळीला मामीला मिठाई येते.

हे हसण्यावारी झालं. पण दर हिवाळ्याला रडणंही ठरलेलंच. लोक पिकाची चौकशी करावी तशी विचारतात, "यंदा कुठे?" कधी रेल्वे फाटकाशी गाड्या आदळायच्या, कधी साखर कारखान्याच्या दाराशी. मग उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असायच्या, त्यांच्यावर गाड्या चढायला लागल्या. गुरुद्वाऱ्याच्या पोरांनी ट्रॉल्यांना मागून चमकणारे कागद चिकटवले, तेव्हा ते थांबलं. आता सुटलो म्हणून आम्ही श्वास टाकला, आणि यंदा कालव्याच्या वळणावर सुरू झालं.

कारखान्याकडून येणारा रस्ता सरळ कालव्यावर येतो आणि काठाशी एकदम डावीकडे वळतो. मग काठाकाठानं पूल, पुलापलीकडे मंडी. ते वळण काही नवीन नाही. तिथे चुकून कधी कुणी गेलं तर गेलं. दोन हिवाळ्यांपूर्वी तेज कौर चाचीचा लखवीर गेला. एकुलता एक. मोटारसायकल घेऊन सरळ पाण्यात. कालवा तेव्हा काठोकाठ भरलेला होता. माझ्या ट्रॅक्टरनंच ती मोटारसायकल ओढून काढली. लखवीरला काढायला पाणबुडे आणावे लागले.

चाचीनं त्या मोटारसायकलचा मागचा लाल दिवा तेवढा ठेवून घेतला. मेकॅनिककडून तो छोट्या बॅटरीला जोडून घेतला आणि वळणावरच्या शिसवीच्या फांदीला, पाण्याच्या अगदी तोंडाशी, टांगून दिला. आधीच्या हिवाळ्यात ती पणती लावायची, पण वाऱ्यानं विझायची. या हिवाळ्यापासून हा दिवा. रोज संध्याकाळी जाऊन लावायची, सूर्य दिसला की घरी आणायची. मला म्हणायची, "जगसीरा, आंधळ्यालासुद्धा दिसेल असा दिवा आहे. आता कुणाच्या आईवर ही पाळी येणार नाही."

आणि नेमकं तिथेच लोक पडायला लागले.

नशीब म्हणायचं, यंदा ऐन धुक्याच्या दिवसांत कालवा सफाईसाठी बंद होता. तळाला गाळ आणि गुडघाभर पाणी. माणसं चिखलानं माखून, थरथरत वर यायची. बोलावणं मलाच, कारण ट्रॅक्टर माझा जुना पण ओढायला दांडगा. आधी एक शिक्षक पडला, मग भाजीवाला, मग नवीन गाडी घेतलेला एक जावई. बाहेर काढल्यावर प्रत्येकजण एकच म्हणायचा, "माझ्यापुढे एक मोटारसायकल होती हो. तिच्यामागे चाललो होतो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, थंडीनं बरळतोय. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मंडीत तर कुजबुज सुरूच झाली की लखवीर बोलावतो. बायका पोरांच्या गळ्यात काळे दोरे बांधायला लागल्या. ठाण्यानं वळणावर सावधानतेची पाटी लावली. धुक्यात पाटी! अक्कल गहाण टाकली की असं सुचतं.

मग एका सकाळी मी कारखान्यावर ऊस उतरवून रिकामी ट्रॉली घेऊन परत येत होतो. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. धुक्यात एकटं पडल्यावर माणूस फार केविलवाणा होतो, सांगतो तुम्हाला. आपण चालतोय की उभे आहोत तेही कळत नाही. इतक्यात पुढे लाल दिवा दिसला. मोटारसायकलचाच. इतकं बरं वाटलं! कुणीतरी आहे. मी त्याच्यामागे सोडला ट्रॅक्टर. डोळे जड झाले होते. मनात आलं, लखवीर असाच जायचा पुढे, मान जरा डावीकडे कलती करून, मफलरचं टोक पाठीवर उडत. लहानपणी माझ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून चिंचा खायचा. मी जवळजवळ हाकच मारणार होतो त्याला. दिवा जवळ आला, मोठा झाला, पण पुढे काही सरकेना. आणि पुढचं चाक खाली गेलं.

ब्रेक कसा दाबला ते वाहेगुरूलाच ठाऊक. ट्रॅक्टर नाक खाली करून उभा राहिला. समोर शिसव, शिसवीला चाचीचा दिवा, आणि खाली काळा चिखल. मी स्टिअरिंगला धरून लहान पोरासारखा रडलो. भुताला नाही घाबरलो. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताच्या आईला जाऊन काय सांगायचं असतं?

घरी आल्यावर बायकोला, चरणोला, सगळं सांगितलं. ती म्हशीची धार काढत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे लोक तो दिवा आगूचा समजतात?"

"मीसुद्धा समजलो. रोज जाणारा माणूस मी."

"तुमचं काय सांगू नका. तुम्ही तर लग्नातसुद्धा दुसऱ्याच मांडवात शिरला होतात." मग तिचा आवाज उतरला. "चाचीला सांगावं लागेल. आज पडतात ते चिखलात पडतात. पुढच्या आठवड्यात कालव्याला पाणी सुटणार आहे."

"मी गुपचूप काढून आणू का दिवा?"

"आणि तिला काय, चोरानं नेला म्हणून सांगणार? पोरगा एकदा न सांगता गेला तिचा. दिवाही तसाच नेणार? तो तिनंच काढला पाहिजे."

खरं होतं. मी दुपारी गेलो. चाचीनं मला बघताच चूल पेटवली. मक्याची रोटी, मोहरीच्या पाल्याचं साग, वर लोण्याचा गोळा. नाही म्हणायची सोय नव्हती.

"खा. चरणो उपाशी ठेवते वाटतं, गाल बसलेत तुझे." आणि मग समोर बसून हळूच म्हणाली, "जगसीरा, लोक काय म्हणतात ते मला कळतं. लखवीर ओढतो म्हणतात. पण मला सांग, तू काढतोस ना त्यांना? एक तरी मेला? नाही ना! माझा पोरगा खाली उभा असतो, पडणाऱ्याला धरतो. म्हणून जगतात ते."

मी हातातला घास ताटात ठेवला. आता सांग, आता सांग, असं मन म्हणत होतं आणि जीभ उचलत नव्हती. शेवटी भसकन बोललो. असल्या गोष्टी गोडीनं बोलायला मला येत नाही.

"चाची, दिव्यानं पडतात ते. लाल दिवा बघून त्यांना वाटतं पुढे मोटारसायकल आहे. मी स्वतः गेलो होतो आज सकाळी. पाणी सुटल्यावर मरतील. दिवा काढ."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं.

"ऊठ," ती म्हणाली.

"चाची..."

"माझ्या ताटावरून ऊठ. माझ्या पोराला भूत म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट बोललास तू. ऊठ आणि चालता हो."

मी उठलो. रोटी तशीच राहिली. त्या संध्याकाळी दिवा लागला. दुसऱ्या दिवशीही लागला. चरणो गेली तर चाचीनं दारच उघडलं नाही.

पाणी सुटलं त्या पहाटे मी कारखान्यावर होतो. तिथल्या चौकीदारानं सांगितलं, वरचे दरवाजे उघडलेत, कालवा भरला. मी ट्रॅक्टर काढला. धुकं असं की श्वास घेतला की तोंडात यायचं. थोड्याच अंतरावर एका बसचा लाल दिवा भेटला. मी मागे लागलो. बसच्या पुढेही गाड्या असाव्यात, कारण आम्ही सगळे मुंगीच्या चालीनं चाललो होतो. जरा वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढी मोठी रांग! आणि रांगेच्या पुढे कोण? पहिल्यानं कुणाचा दिवा धरलाय?

मी ट्रॅक्टर बाजूच्या शेतात घातला, उडी मारली आणि धावत सुटलो. बसच्या खिडकीवर थापा मारल्या. "थांबवा! कालवा आहे पुढे! भरलाय!" ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "बोंबलतोस कशाला सरदारा? आगू आहे पुढे." कंडक्टर ओळखीचा निघाला. त्यानं माझा दंड धरून मला पायरीवर ओढलं. "चढ गुपचूप, चाकाखाली येशील." आत बायका शालीत डोकी खुपसून झोपलेल्या. एक पोर खिडकीच्या काचेवर बोटानं फूल काढत होतं. मी त्या पायरीवर लटकून पाण्याचा आवाज ऐकला. मोठा, भरलेला, अगदी समोर. मी डोळे मिटले आणि 'वाहेगुरू वाहेगुरू' करत राहिलो. लखवीरलाही म्हटलं, बाबा रे, खरंच उभा असशील तर धर आता.

बस वळली.

डावीकडे वळली. पाण्याचा आवाज उजव्या हाताला आला आणि उजव्या हातालाच राहिला. मग चाकांखाली पुलाच्या सांध्यांचे धडधड ठोके वाजले, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण रांग थांबेना. स्टँडकडे जायचं सोडून बस एका गल्लीत शिरली. कंडक्टर म्हणाला, "ही कुठे चालली?" गल्ली अरुंद होत गेली. धुक्यातून एक विटांची भिंत आली, भिंतीवर वाळत घातलेल्या गोवऱ्या आल्या, आणि मी ओळखली. चाचीचीच भिंत.

मी उतरून पुढे धावलो. रांगेत पहिला दुधाचा टेम्पो होता, त्याचं नाक चाचीच्या उघड्या फाटकातून आत गेलेलं. अंगणात चाची उभी होती. अंगावर लखवीरचं जुनं जाकीट, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीच्या तोंडातून लाल दिवा बाहेर लोंबत होता. चालूच होता.

गाड्यांचे दरवाजे उघडायचे आवाज येत होते, आणि ती त्या सगळ्यांकडे बघून घाबरली होती. मला बघितल्यावर मात्र तिचा धीर सुटला.

"जगसीरा, मी काही केलं नाही रे. पाण्याचा आवाज घरापर्यंत आला, म्हणून काढायला गेले. काढला. विझवायला हात धजेना, म्हणून तसाच घेऊन निघाले. मी फक्त त्याला घरी घेऊन येत होते. मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

दुधाचा टेम्पोवाला हात चोळत पुढे आला. तरणा पोरगा, डोळ्यांखाली झोप. इकडे तिकडे बघत चाचीला म्हणाला, "बीजी, तो मोटारसायकलवाला कुठे गेला? फार सावकाश चालवत होता बिचारा. त्याच्यामुळेच पोचलो आम्ही. आभार मानायचे होते त्याचे."

मी बोलायला तोंड उघडलं. चाचीनं माझ्या दंडावर हात ठेवला. हात गार होता. तिनं रांगेकडे बघितलं. टेम्पो, त्यामागे गाड्या, बसमधून उतरणाऱ्या शालीतल्या बायका, आणि काचेवर फूल काढणारं ते पोर आईच्या कडेवर. त्या अंगणात दोन वर्षांत एवढी माणसं आली नव्हती.

"घरी पोचला तो," ती म्हणाली. "दमलाय. तुम्ही बसा, मी चहा टाकते."

आणि तिनं पिशवीत हात घालून दिव्याचं बटण बंद केलं. मग मला म्हणाली, "उभा काय राहिलास तोंड उघडं टाकून? टेम्पोतून दूध घे. आणि चरणोला बोलाव, म्हणावं मोठं पातेलं आण. आणि तू, तुझी त्या दिवशीची रोटी राहिली आहे. ती खाल्ल्याशिवाय आज हलायचं नाही."