वरीलप्रमाणे

रस्त्यावर दोन तास अडकून पडलेल्या माणसाला नवा रस्ता हवा की नको, असं विचारू नये. तो काय सांगणार हे उघड आहे. आपल्या गोष्टीतल्या बाई तर आठवड्यातून तीनदा अडकत. मंगळवार, गुरुवार, शनिवार. शेजारच्या सीटवर त्यांचे वडील, अण्णा. दोन्ही मूत्रपिंडं थकल्यामुळे अण्णांना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागे. अंतर चाळीस किलोमीटर. जायला दोन तास, यायला अडीच, आणि मध्ये चार तास हातात सुया टोचून पडून राहणं.

"मशीनवरचे चार तास बरे जातात गं," अण्णा म्हणत. "निदान तिथं काहीतरी पुढं सरकत असतं."

त्या गुरुवारी दुपारी चार वाजता परतीच्या वाटेवर काहीच सरकत नव्हतं. गाडी नेहमीच्या जागी, म्हणजे खचलेल्या वळणावर, उभी होती. हे वळण तिथून जाणाऱ्या प्रत्येकाच्या शिव्यांचं धनी होतं. दर वर्षी तिथं अर्धा रस्ता खाली बसायचा, मग त्या अर्ध्यावर पिंपं उभी राहायची, आणि उरलेल्या अर्ध्यातून दोन्हीकडच्या गाड्या आळीपाळीने सोडल्या जायच्या. पुढे ट्रक, मागे ट्रक. काच खाली केली की धूर आत, वर केली की घामाच्या धारा. बाईंनी इंजिन बंद केलं आणि मागच्या सीटवरच्या फायलीकडे पाहिलं.

ती फाइल म्हणजे नवा महामार्ग. बाई पर्यावरण परीक्षणाच्या ऑफिसात अधिकारी होत्या. नवा रस्ता जिथून जाणार तिथलं पाणी, शेती, वस्ती, झाडं, जनावरं तपासायची आणि कुठं काय काळजी घ्यायला हवी ते लिहायचं, हे त्यांचं काम. त्याला नियमाने एक वर्ष लागतं. पण या महामार्गाला 'जलद मार्गा'ची परवानगी मिळाली होती, म्हणून सगळं तीन आठवड्यांत आटपायचं होतं. तो रस्ता झाला की हॉस्पिटल पस्तीस मिनिटांवर! बाईंनी हा हिशेब मनात इतक्या वेळा केला होता की फाइल त्यांना घरचीच वाटू लागली होती.

त्यांच्या ऑफिसात एक पद्धत होती. जिथं सही हवी तिथं आधीच पेन्सिलने बारीक फुली मारलेली असायची. अधिकाऱ्याने फुली शोधायची, सही करायची, पान उलटायचं. नऊ वर्षांत बाईंनी एकही फुली रिकामी सोडली नव्हती, आणि फुली नसलेल्या जागी एक टिंबही काढलं नव्हतं.

फोन वाजला. साहेब.

"बाई, सह्या झाल्या का?"

"साहेब, मी रस्त्यात आहे. वडिलांना घेऊन..."

"अहो, गाडी उभी आहे ना? मग हात मोकळेच की! सहा वाजता वरून माणूस येतोय फाइल न्यायला. आज गेली नाही तर मला उभा चिरतील. आणि खरं सांगू? या रस्त्याची गरज माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त. वडिलांचा तरी विचार करा."

फोन बंद झाला. साहेबांचं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणूनच ते बाईंना जास्त टोचलं.

त्यांनी फाइल स्टिअरिंगवर ठेवून उघडली. फायलीच्या वजनाने हॉर्न दाबला गेला आणि पुढच्या ट्रकवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

"अण्णा, धरा जरा ही," बाई कानकोंड्या होऊन म्हणाल्या. "मी सांगते तशी पानं उलटा."

अण्णांनी फाइल मांडीवर घेतली, बँडेज बांधलेला हात बाजूला ठेवला आणि चष्मा लावला. एकतीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादम होते ते. कागद हातात आला की वाचल्याशिवाय पुढे द्यायचे नाहीत.

"ओढा क्रमांक एक," त्यांनी मोठ्याने वाचलं. "उन्हाळा, कोरडा. पावसाळा, वरीलप्रमाणे. हिवाळा, वरीलप्रमाणे." त्यांनी चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. "पोरी, हा ओढा पावसाळ्यातही कोरडा?"

"तसं लिहायची पद्धत आहे अण्णा. पाहणीला अकरा दिवस मिळाले, ते उन्हाळ्यातले. बाकीचे ऋतू मुदतीत बसले नाहीत."

अण्णा इतके हसले की हाताला कळ गेली. मग ते पानं उलटत राहिले. ओढा क्रमांक दोन, वरीलप्रमाणे. तीन, वरीलप्रमाणे. अकराव्या ओढ्यापर्यंत त्यांचं हसू पार मावळलं होतं.

"अकरा ओढे, आणि बारा महिन्यांत एकातही थेंब नाही," ते म्हणाले. "आणि यावर तू सही करणार?"

बाईंचा बांध फुटला. "मग काय करू अण्णा? तुम्हीच सांगा! वर्षभर थांबू? आठवड्यातून तीनदा तुम्हाला या भट्टीत बसवून आणते. परवा तुम्हाला इथंच चक्कर आली, तेव्हा पुढे जाता येईना की मागे फिरता येईना. मी नुसती हॉर्न वाजवत बसले होते. ओढ्यातल्या बेडकांसाठी मी माझ्या बापाला रस्त्यात मरू देऊ का?"

अण्णांनी चष्मा काढला. समोरची पिंपं, त्यापलीकडचा बसलेला डांबराचा तुकडा बघत राहिले.

"बेडकांचं राहू दे," ते म्हणाले. "आपण अडकलोय ती जागा का खचते, सांग."

"जुना रस्ता आहे. खचतो."

"मागचे तीस किलोमीटरही याच वयाचे आहेत. ते का नाही खचत?"

बाईंनी पहिल्यांदाच त्या वळणाकडे नीट पाहिलं.

"इथं ओढा होता," अण्णा म्हणाले. "हा भराव मी घातलाय. माझ्या गँगनं. आम्ही आलो तेव्हा ऐन उन्हाळा, ओढ्याच्या तळाला भेगा पडलेल्या. नकाशात पूल होता. पुलाला सहा महिने लागणार, आणि उद्घाटनाची तारीख तर ठरलेली. वरून निरोप आला, ओढा कोरडाच आहे, पूल नको, माती भरा आणि दोन पाइप टाका. खडी वाहणारी एक बाई होती, पलीकडच्या वस्तीतली. ती म्हणाली, मुकादम, पावसाळ्यात इथं छातीला पाणी लागतं. मी तिला काय म्हणालो ठाऊक आहे?"

"काय?"

"म्हणालो, तू टोपली उचल."

मागच्या ट्रकने उगाचच हॉर्न वाजवला.

"उद्घाटन अगदी वेळेवर झालं. मला शाबासकी मिळाली. त्या पावसाळ्यात पाणी भरावाला अडलं आणि मागं फिरलं. तिची वस्ती नऊ दिवस पाण्यात होती. मातीची घरं ती, किती टिकणार? ती बाई पुन्हा कामावर आली नाही. कुठं गेली, मी विचारलंसुद्धा नाही." अण्णांनी पिंपांकडे बोट केलं. "सहा महिने वाचवले आम्ही. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हापासून हे वळण दर वर्षी खचतंय, आणि मी वाचवलेल्या सहा महिन्यांत मीच येऊन अडकतोय."

"तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? तू इथं थांबलीस की सरकारला शिव्या देतेस, ट्रकवाल्यांना देतेस. मी खिडकीबाहेर बघत बसतो."

बाईंच्या हातातल्या पेनचं टोपण उघडंच होतं. "पण अण्णा, तुम्हाला रस्ता हवाय ना?"

"माझ्याइतका कुणाला हवा असेल? रस्ता कर. लवकर कर. पण मला एक सांग, ही फाइल तुमच्या खात्यात येऊन किती दिवस झाले?"

बाईंनी बोटांवर मोजलं. पाहणी सुरू होण्याआधी आठ महिने साहेबांच्या टेबलावर, दोन महिने वरच्या ऑफिसात.

"म्हणजे टेबलावर दहा महिने आणि ओढ्यावर अकरा दिवस!" अण्णा उसळून म्हणाले. "अगं, घाई करायची तर टेबलांना करा! पाऊस काय तुमच्या साहेबाच्या हाताखाली आहे? मुदत दिली म्हणून लवकर येईल? तो यायच्या वेळी येणार, आणि तेव्हा वाट मागणार. तुम्ही त्याला वाट ठेवली नाहीत तर तो कुणाच्या तरी घरातून जाईल."

बाईंनी फाइल परत घेतली. 'वरीलप्रमाणे' हा शब्द त्यांच्या इतक्या ओळखीचा होता की आजवर तो त्यांनी कधी वाचलाच नव्हता. नऊ वर्षं! किती फायली, किती ओढे, किती पावसाळे! या सगळ्यावर त्यांनी मुकाट्याने सही केली होती. अण्णांनी निदान एका बाईचं बोलणं कानाने ऐकून उडवून लावलं होतं. आपण तर कुणाला बोलायची संधीच दिली नाही, हे लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी पहिल्या ओढ्यापासून सुरुवात केली. 'वरीलप्रमाणे'वर एक आडवी रेघ. वर शाईने लिहिलं, 'पाहिलेले नाही'. शेजारी आद्याक्षरं. अकरा ओढे, प्रत्येकी दोन ऋतू, बावीस वेळा. शेवटच्या पानावर छापलेलं होतं, 'मी ही माहिती तपासून पाहिली आहे', आणि त्याखाली पेन्सिलची फुली. ती फुली त्यांनी रिकामी सोडली. बाजूच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'इतर तपासणी पूर्ण. अकरा ओढे एका पावसाळ्यात पाहून मगच अभिप्राय देता येईल.' त्याखाली सही केली.

फोन पुन्हा वाजला. बाईंनी सगळं सांगितलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" साहेबांचा आवाज अण्णांनाही ऐकू आला. "मी दुसऱ्याकडून सही घेईन!"

"घ्या साहेब. पण बावीस जागी शाईनं 'पाहिलेले नाही' लिहिलंय. त्याखाली 'मी पाहिलंय' म्हणून सही कोण करतं ते बघा."

बाईंनी फोन ठेवला. पुढचा ट्रक गुरगुरला आणि चार हात सरकला. मग पुन्हा थांबला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंचं टेबल जुन्या फायलींच्या खोलीत हलवलं. तिला खिडकी नव्हती आणि दार आतून नीट उघडत नसे. चार महिने बाई तिथं धूळ खात बसल्या. घरी आल्यावर कधी रडल्याही. पण त्या फायलीवर सही करायला ऑफिसातलं कुणी पुढे येईना. शाईनं लिहिलेलं खोडायचं कसं, आणि उद्या पूर आला तर निस्तरायचं कुणी? शेवटी साहेबांनाच पावसाळ्यातल्या पाहणीचा आदेश काढावा लागला, आणि ओढ्यांची सगळी माहिती एकट्या बाईंनाच असल्यामुळे त्यांना त्या खोलीतून बाहेर काढावं लागलं.

पाहणीच्या दिवशी अण्णा हट्टाने बरोबर आले. सातव्या ओढ्याचं पाणी फेसाळत चाललं होतं. काठावर एक म्हातारी शेळ्या राखत उभी होती. अण्णा काठी टेकत तिच्याजवळ गेले.

"बाई, पाणी कुठवर येतं हो इथं?"

म्हातारी सांगू लागली. आधी पुराचं, मग वाहून गेलेल्या शेळीचं, मग सुनेचं. टेप धरलेला माणूस चुळबुळ करू लागला, पण अण्णांनी त्याला हाताने थांबवलं आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ते उन्हात उभे राहिले. मग तिने दाखवलेल्या दगडापर्यंत त्यांनी स्वतः माप घेतलं.

अकरांपैकी नऊ ओढे वाहत होते. महामार्गाच्या नकाशात नऊ पूल आले. काम सुरू झालं आहे, रस्ता अजून व्हायचा आहे. अण्णा आजही मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी त्याच वळणावर अडकतात, आणि नवा रस्ता त्यांना वापरायला मिळेल की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत. बाईंना त्याचं वाईट वाटतं. खूप वाटतं. अण्णा मात्र काच खाली करतात आणि म्हणतात, "कुरकुर नको. या वेळी निदान माहीत आहे, का थांबलोय ते."

वाचकहो, रस्ता आपल्या सगळ्यांनाच हवा आहे, आणि लवकर हवा आहे. पण लवकर म्हणजे न पाहता नव्हे! आपल्यापुढे उद्या एखादा कागद येईल, त्यावर कुणीतरी आधीच फुली मारलेली असेल. सही करण्याआधी स्वतःला विचारा, हे मी पाहिलं आहे का? नसेल, तर तसं लिहायला दोनच शब्द लागतात. न पाहता वाचवलेला वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून वसूल होतो. म्हणून काम चालू असताना डोक्यावर टोपली घेतलेलं कुणी थांबून काही सांगू लागलं, तर आपणही थांबा आणि त्याचं ऐकून घ्या.