खालून आलेला बॉल

बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. सदर बाजारात एकदा स्कूटरवरून पडले होते. हाड जुळलं, पण खांदा आखडला तो कायमचा. केस ते डाव्या हाताने विंचरत. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की हे काही वेगळं आहे हेच आम्ही विसरलो होतो.

मागच्या महिन्यात ते गेले. झोपेतच. तेरवी झाली, अमरावतीकडचे नातेवाईक परतले आणि पुरानी बस्तीतल्या घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण स्वरदा अशा तिघीच उरलो. मी इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. स्वरदा बास्केटबॉल खेळते. ‘खेळते’ म्हणायचं की ‘खेळायची’, हे त्याच दिवसांत ठरणार होतं.

शाळेचा संघ, मग राज्याचा, मग खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी, आणि गेली दोन वर्षं एका व्यावसायिक लीगमधल्या संघाशी करार. मागच्या हंगामात पुण्याच्या सामन्यात तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन नीट झालं. तेलीबांध्याच्या तलावाभोवती ती चालायला लागली, मग पळायला लागली. डॉक्टरांनी खेळायची मोकळीक दिली. तरी जिना उतरताना ती कठडा धरायची. बाबा गेल्यापासून तर तिने बॉलला हात लावला नव्हता.

तेवढ्यात संघाचे प्रशिक्षक भार्गव सर यांचा फोन आला. रविवारपर्यंत शूटिंगचा, म्हणजे रिंगमध्ये बॉल मारतानाचा, व्हिडिओ हवा होता, नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. बोलता बोलता ते हसून म्हणाले, “और वो घुटनों से गेंद उठाना बंद हुआ क्या?” ही त्यांची जुनी तक्रार. बाकीच्या मुली बॉल छातीशी घेऊन तिथूनच मारतात. स्वरदा आधी गुडघ्यांपर्यंत वाकते आणि मग वर येते. त्यात वेळ जातो, समोरची खेळाडू अंगावर येते. दोन वर्षं त्यांनी ही खोड मोडायचा प्रयत्न केला होता. ती कुठून लागली हे स्वरदालाही सांगता येत नसे.

बाबांचे भाऊ निरंजनकाका गावी जाताना बजावून गेले होते. “रेल्वेत टेबल आहे, वर पंखा आहे. काहून पुन्हा पाय तोडून घेतं तू? बाबाराव होता तोवर ठीक होतं.”

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. स्वरदा शाळेत असल्यापासून ती घरी असली की रोज सकाळी बाबा तिला मैदानावर न्यायचे. ती मारायची आणि ते रिंगखाली उभं राहून बॉल परत द्यायचे. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं. फाऊल कुणी केला आणि कुणावर झाला, हे ते शेवटपर्यंत विचारत राहिले.

शनिवारी सकाळी मी स्वरदाला म्हटलं, “चल, मी येते.”

“तू? ताई, तुले बॉल पकडता येते का?”

“पुस्तकं पकडते की.”

“पुस्तकं तोंडावर येत नाही ना.”

महिनाभरात ती पहिल्यांदा हसली होती. पण बॉलमध्ये हवा नव्हती. पंप सापडला, त्याची सुई सापडेना. शेवटी आईने बाबांची चष्म्याची डबी उघडली. चष्म्याखाली सुई होती. आईने डबी मिटली आणि पदर खोचला. “मीपण येते. घरात बसून काय करू?”

मैदान गल्लीच्या टोकालाच, जुन्या शाळेचं. आई पायरीवर बसली. तिच्या हातात स्वरदाने फोन दिला.

“आई, बोट काढ. सगळं काळं दिसून राहिलं.”

“मग तुझी माय काळीच आहे,” आई म्हणाली.

मी रिंगखाली उभी राहिले आणि सामन्यांच्या व्हिडिओत पाहिलेलं आठवून बॉल नेमका छातीवर देत गेले. स्वरदा तो घेऊन सरळ उभ्यानेच मारत होती. गुडघे दाराला कडी लावल्यासारखे. बॉल रिंगला लागायचा, कधी रिंगपर्यंतही पोचायचा नाही. थोड्या वेळाने तिने बॉल काखेत धरला.

“राहू दे, ताई. काका सही बोलले. पाय वाकतच नाही. डर लगता है.”

“आणखी थोडे,” मी म्हटलं.

माझे हात भरून आले होते. पुढचा बॉल मला खांद्यावरून टाकता येईना. मी तो दोन्ही हातांनी खालूनच दिला, भरलेली बादली पुढच्याच्या हाती द्यावी तसा. तो तिच्या गुडघ्यांशी पोचला. घ्यायला ती वाकली, वाकलेली वर आली, आणि बॉल रिंगला न शिवता जाळीतून खाली पडला.

दोघी थांबलो.

पायरीवरून आई म्हणाली, “अगं, हे असेच टाकायचे! घरात टॉवेल दे म्हटलं तरी असाच. हात कुठे वर जायचा त्यांचा?”

स्वरदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बाहीने तोंड पुसलं. घाम होता की आणखी काही, मी विचारलं नाही.

“ताई,” ती म्हणाली, “तसाच दे.”

मी तसाच देत राहिले. दुसऱ्या वेळी ती घाबरत वाकली, कळ येते का ते बघत. बॉल बाहेर गेला. त्यानंतरचा आत. मग तिला भीती वाटायला सवड मिळू नये म्हणून मी लगेच लगेच द्यायला लागले. काही चुकले, पण आता एकही कमी पडत नव्हता. ऊन पायरीवर आलं तशी आई सरकून बसली. फोन मात्र तिने खाली ठेवला नाही.

व्हिडिओत सुरुवातीला आईचं बोट आहे आणि मध्ये मध्ये “हव, असंच, असंच” असा तिचा आवाज आहे. स्वरदाने तो तसाच पाठवला.

दुपारी उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं. “अब भी घुटनों से ही उठा रही हो. दो साल में नहीं सुधरी. सोमवार को निकलो.”

“काय नाही सुधरलं?” आईने विचारलं.

“काही नाही, आई. जाऊ दे, नाही सुधरत.”

रविवारी बॅग भरताना ती सुई कागदात गुंडाळत होती. आईने ती तिच्या हातून घेतली. बाबांचा चष्मा काढून पदराने पुसला, स्वतःजवळ ठेवला आणि सुई डबीत घालून डबी तिला दिली.

“हे घेऊन जा. कागदातून पडते ते.”