तबकडी कुठवर दिसते

माझा मोठा भाऊ तळ्याच्या बाबतीत कुणाचंही ऐकत नसे. माझं तर नाहीच. आम्ही दोघं एकाच संशोधन केंद्रात. तो होडीवर, मी प्रयोगशाळेत. त्याचं काम सांगायला सोपं: काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. जितकी खोल दिसेल तितकं पाणी नितळ. एक नियम मात्र कडक. बघणारे डोळे दरवेळी त्याच माणसाचे हवेत, कारण माणूस बदलला की आकडे बदलतात. त्यामुळे वर्षानुवर्षं ती तबकडी दादानेच पाहिली. दुसऱ्या कुणाला त्याने कधी वाकूनसुद्धा बघू दिलं नाही.

गेली दोन वर्षं त्याची तबकडी लवकर लवकर नाहीशी होत होती. तळं गढूळ होतंय, मरतंय, असं तो म्हणायचा. मी बाटल्यांतून आणलेलं तेच पाणी गाळून त्यातलं शेवाळ यंत्रावर मोजत होते. ते वाढलं नव्हतं, आणि गाळही नव्हता.

"तुझं यंत्र बिघडलंय," तो म्हणे.

"माझं यंत्र नवं आहे. तू तबकडी धुतोस का कधी?"

हे भांडण जेवताना चाले, बैठकीत चाले, जिन्यातही चाले. सगळे हसायचे, मीही हसायचे. पण तो खंगत चालला होता. काम संपल्यावर खिडकीशी बसून तळ्याकडे बघत राही. "आपल्या डोळ्यांदेखत गेलं गं," म्हणे. शेवटी त्याने तळ्याच्या ऱ्हासावर अहवाल लिहिला. तो पाठवण्याआधी मी हट्टच धरला: एकदा मला होडीत ने.

खूप कुरकुर करून त्याने नेलं. भर दुपार, वारा नाही. सावलीच्या बाजूला आम्ही दोघं वाकलो. तो दोरी सोडत गेला आणि म्हणाला, "गेली."

तबकडी माझ्यासमोर घासलेल्या ताटासारखी लख्ख होती.

दोन वर्षं हा वाद जिंकायला मी टपले होते. आता जिंकले होते, आणि मला ते नको होतं.

"आणखी सोड," मी म्हणाले.

"कशाला? गेली ना."

"दादा, सोड."

दोरी त्याच्या हातातून जात राहिली. बरीच दोरी गेल्यावर तो थांबला. उभा जन्म मोजमापात गेलेला माणूस, त्याला काय सांगायचं?

"तुला अजून दिसतेय," तो म्हणाला.

"हो."

त्याने दोरी वर ओढली, नीट गुंडाळली आणि वल्ही माझ्याकडे दिली. असं याआधी कधी झालं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी काचबिंदू सांगितला. पुढचं कदाचित थांबेल, गेलेलं परत येणार नाही. "समोरचंही अंधुक झालंय, आणि कडेचं तर यांना जवळजवळ दिसतच नाही. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" हे त्यांनी मला विचारलं. पाण्याचा थेंब न् थेंब आम्ही तपासत होतो. तो दारांच्या चौकटींना धडकायचा, तेव्हा सगळं केंद्र त्याला वेंधळा म्हणायचं.

रस्त्यावर आल्यावर त्याने माझा दंड धरला.

"म्हणजे तळं बरं आहे?"

"ठणठणीत आहे."

"माझी समजूत काढू नकोस."

"तुझी समजूत कधी काढलीये मी? पाणी होतं तसंच आहे, दादा."

त्याने मोठा श्वास सोडला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा हलका झाला. "सुटलो बघ," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या हयातीतच ते संपलं."

मग तो तळ्याबद्दल बोलतच राहिला, अगदी खुशीत. मी त्याच्या कडेने चालत होते आणि रडत होते. तोंड फिरवायची गरज नव्हती.