कुणाच्याच देशाचा नसलेला लाइफबॉय

मी एक जुना लाइफबॉय आहे. बुडणाऱ्याला तरंगतं ठेवणारं, जहाजाच्या कठड्याला टांगलेलं नारिंगी कडं तुम्ही चित्रात पाहिलं असेल, मित्रांनो, तेच मी. माझं जहाज एका देशात बांधलेलं, झेंडा दुसऱ्याचा, मालक तिसरीकडचा. खलाशी तर कुठकुठले! एकमेकांची भाषा धड येत नसताना ते एका टेबलावर जेवत. मला वाटे, सगळं जग असंच चालत असणार.

मग दूरच्या लढाईतलं एक क्षेपणास्त्र आमच्या गव्हाच्या जहाजावर पडलं. ती लढाई आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. एका तरुण खलाशाने अंगातला शर्ट काढून स्वतःला माझ्याशी बांधलं. बुडणारा दिसला की थांबायचं, मग तो कुठलाही असो, ही समुद्रावरची रीत. पण जवळून गेलेली जहाजं हल्ल्याच्या भीतीने थांबली नाहीत. शेवटी लाटांनी त्याला ओढून नेलं. शर्ट तेवढा राहिला.

पावसाळी प्रवाहाने मला मालवणजवळ आणलं. बाबली नावाच्या मच्छीमाराच्या जाळ्यात मी सापडलो, तशी गावातली आपोलिना धावत आली. तिचा मुलगा कॉनरॅड अशाच एका जहाजावरून बेपत्ता झाला आहे. तिने माझ्यावरचं जहाजाचं नाव बोटाने एकेक अक्षर लावत वाचलं.

"ह्यां माझ्या झिलाच्या बोटीचां नाय!" ती मोठ्याने हसली.

"मगे माका दी, आपोलिनबाय," बाबली म्हणाला. "हाटेलाक टांगतंय. गिरायकां फोटो काढतली."

तेवढ्यात तिला शर्ट दिसला. ती वाळूतच बसली.

"बाबली, ह्यो पण कोणाचो तरी झील रे. आणि मी हसलंय!"

तिने शर्ट धुतला, इस्त्री केला. तिच्या मुलीने, जेनिसने, हा खलाशी कोण ते सगळीकडे विचारलं. झेंड्याच्या देशाने मालकाकडे बोट दाखवलं, मालकाने खलाशी पुरवणाऱ्या कंपनीकडे. ती कंपनी बंद झाली होती. गहू पोचवायला जे एकत्र आले होते, त्यांच्यातल्या एकालाही त्या मुलाचं नाव सांगता आलं नाही.

शर्ट आता कपाटात कॉनरॅडच्या शर्टांशेजारी आहे.

"मम्मी, आता पुरे," जेनिस म्हणते.

"तेची आवस इली तर?" आपोलिना विचारते.

त्याची आई काय, कोणीच येत नाही. लढाई चालूच आहे.

मित्रांनो, लढाया थांबवा असं तुम्हाला सांगितलं असतं. पण तुमचं तरी कोण ऐकणार? एवढंच करा. तुमच्या किनाऱ्याला असं काही लागलं, तर त्यावरचं नाव नीट वाचा. आणि ते आपल्या माणसाचं नाही असं कळलं, तरी हसू नका.