हर्नियाचं दुखणं

जरीनानं जुन्या, मऊ चादरीचे तुकडे चुलीवरच्या पातेल्यात सोडले आणि काठीनं खाली दाबले. शेजारची चिमणाबाई विस्तव मागायला म्हणून आली, ती पातेल्यात डोकावली आणि हसली.

"व्हय गं जरीना, बाळंतपणाला कोण येणार हाय?"

जरीनाच्या हातातली काठी जागीच थांबली. मग तिनं ठरल्याप्रमाणं सांगितलं, की मालकांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, मुंबईला. एवढ्याशा हर्नियाला मुंबई कशाला, इथं सरकारी दवाखान्यात करतात की, असं चिमणाबाईचं म्हणणं पडलं. तिथं मौलाच्या ओळखीचा डॉक्टर आहे, असं जरीना म्हणाली. मौला तिचा धाकटा भाऊ, मुंबईच्या रस्त्याला ट्रक चालवायचा. चिमणाबाईला ते पटलं आणि ती विस्तव घेऊन गेली. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत बाबालालचा हर्निया झाला.

बाबालाल शिवाजी पेठेतला गादीवाला. पेठेत कुणाचं लग्न ठरलं, की गादीचं माप घ्यायला त्यालाच बोलावणं जायचं. चार वर्षांमागं गाद्यांनी भरलेला टेंपो उचगावच्या रस्त्याला उलटला आणि तो खाली सापडला. कमरेचं हाड मोडलं. कित्येक महिने तो उताणा पडून राहिला. हाड जुळलं, माणूस चालू लागला, हातात परत कापूस पिंजायची धनुकली आली. पण पुरुषपण आलं नाही. पहिल्यांदा दोघांनी वाट पाहिली. मग काढे झाले, तेलं झाली, दर्ग्यात चादर चढवून झाली. एके दिवशी त्यानं आपली वळकटी उचलली आणि पुढच्या दुकानात, कापसाच्या ढिगाशेजारी नेऊन टाकली. तेव्हापासून तो तिथंच झोपू लागला.

मिरजेच्या एका डॉक्टरनं सांगितलं, की मुंबईत आता यावर ऑपरेशन निघालंय. त्या जागी आत दोन कांड्या बसवतात. बाबालालनं हे तिला सांगितलं ते भिंतीकडं तोंड करून. पण त्या दिवसापासून तो शीळ घालत कापूस पिंजू लागला.

डॉक्टरनं परत आल्यावर काय काय लागेल तेही सांगून ठेवलं होतं. जखमेला लावायला उकळलेलं कापड. सुजेवर बर्फ. जोर करायला लागू नये म्हणून इसबगोल. सैल लुंग्या. आणि जखमेची जागा वर उचललेली राहावी म्हणून एक लहान उशी. जरीनानं बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाला रोज बर्फ द्यायला सांगून ठेवलं. इसबगोल डब्यात भरून ठेवला. बसून आंघोळ करता यावी म्हणून पिराजी सुताराकडून उंच पाट करून आणला. उशी मात्र बाबालालनं स्वतः केली. लग्नाच्या गाद्यांसाठी राखलेला सावरीचा कापूस त्यानं काढला, बोटांनी मोकळा केला आणि तळहाताएवढ्या खोळीत भरला. टाके इतके बारीक घातले, की दिसू नयेत. जरीना समोर बसून बघत होती.

"मला न्हाय पायजे ते," ती म्हणाली. "तुमी हाय तसं घरात झोपायला या. बास झालं."

त्यानं दोरा दातानं तोडला.

"तुला पायजे म्हणून न्हाय करत," तो म्हणाला. "माप घ्यायला गेलो की नवरदेवाचे दोस्त थट्टा करत्यात. आदी मीबी करायचो. आता तोंड उघडत न्हाय माजं. मला माजं तोंड परत पायजे, जरीना."

तिनं उशी घेतली आणि बाकीच्या सामानाबरोबर ट्रंकेत ठेवली.

मौला त्याला ट्रकमधून घेऊन गेला. जरीनानं माजघरात पलंग लावला, धुतलेली चादर घातली, सगळी तयारी केली आणि वाट बघत राहिली. तिला वाटलं होतं, निदान पंधरवडा तरी लागेल. पण आठवडा भरायच्या आतच मौलाचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. बाबालाल स्वतःच खाली उतरला. चालण्यात काही फरक नव्हता. तिला वाटलं, इतक्यात कसा बरा झाला?

घरात येऊन तो पलंगाच्या कडेवर बसला. मौला उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. जरीनानं पाणी दिलं. ते त्यानं संपवलं, तांब्या खाली ठेवला.

"केलं न्हाय," तो म्हणाला. "मोठ्या डॉक्टरनं तपासलं. आत सगळं दगडागत झालंय म्हणाला. कांड्या बसायला जागाच न्हाय. जोर करून बसवल्या तर कातडं फाडून भायेर येतील."

"मग दुसरा कोण डॉक्टर?"

"त्येच्यावर कोण न्हाय."

बाहेर चिमणाबाईचा आवाज आला. दाजी आलं काय रं, बरं हाय न्हवं, असं ती मौलाला विचारत होती. बाबालालनं दाराकडं पाहिलं. मग त्यानं पाय उचलून पलंगावर घेतले, हळूहळू, एकेक करून, जखम असलेला माणूस घेतो तसे, आणि तो आडवा झाला.

"हर्निया सांगितलाय न्हवं?" तो पुटपुटला. "चादर टाक अंगावर."

असं ते दुखणं सुरू झालं. गल्लीतली माणसं बघायला येऊ लागली. कुणी मोसंबी आणली, कुणी पेज. केरबा पैलवानानं आपल्या हर्नियाची हकीकत दोनदा सांगितली आणि वजन उचलू नको म्हणून बजावलं. बाबालाल सगळ्यांना मान डोलवायचा. बर्फ सांगून ठेवलेला, तो रोज दारात यायचा. चिमणाबाईच्या देखत जरीना तो फडक्यात बांधून चादरीखाली सारायची. तिथं ना सूज होती ना जखम. गार लागलं की तो डोळे मिटायचा. मोरीत नेऊन ठेवलेला बर्फ नंतर आपोआप वितळून जायचा. तिनं उकळलेलं कापड तसंच्या तसं धुऊन दोरीवर घातलं, कारण दोरी रिकामी दिसली असती तर कुणीतरी विचारलं असतं.

एकदा त्यानं डोळे न उघडता विचारलं, "किती दिस पडून ऱ्हायाचं असतंय हर्नियात?"

तिनं केरबाला काय काय झालं होतं ते आठवून सांगितलं. तेवढे दिवस तो पडून राहिला.

मग एका सकाळी चिमणाबाईच म्हणाली, की आता जरा चालवायला पाहिजे, नाहीतर पाय धरतील. बाबालाल उठला. दारात चार माणसं उभी होती. त्यानं जरीनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि पायरी उतरला. तो हात जड होता, उबदार होता. वळकटी दुकानात नेल्यापासून पहिल्यांदाच तो तिच्या अंगाला लागला होता. जरीनानं कुणाकडं पाहिलं नाही. ती पावलं अगदी लहान टाकत राहिली. दोन्ही बाजूंच्या दारांतून माणसं म्हणत होती, सावकाश, घाई करू नका. तिलाही घाई नव्हती.

गल्ली संपली. वळणाच्या पलीकडं ओळखीचं कुणी नव्हतं. तिथं त्यानं हात काढून घेतला, लुंगी सारखी केली आणि नेहमीच्या चालीनं पुढं चालू लागला. जरीनानं हात होता त्या खांद्यावर पदर ओढून घेतला आणि ती त्याच्या मागून निघाली.