घरच्या माणसाला कसल्या खुणा?

सकाळी गिऱ्हाइकांचे गठ्ठे येऊन पडले की तिला मान वर करायलाही फुरसत नसे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं दुकान होतं. नवरा खोदकामाच्या मशीनवर चालक. लहानशा गल्लीतही तो मशीन असं अलगद वळवायचा की सगळे त्याला मास्तर म्हणत. पुढे त्याच्या घरचेही मास्तरच म्हणू लागले, तीसुद्धा.

त्या दिवशी तिचा थोरला भाऊ आपले सदरे न्यायला आला. वस्तीतल्या चार-पाच रस्त्यांना स्वयंपाकाचा गॅस पुरवणारी जमिनीखालची लाइन त्याची होती. वडिलांनी टाकलेली, त्यांच्या मागे यानं वाढवलेली. मोठ्या कंपनीकडून गॅस घ्यायचा आणि आपल्या पाइपांतून घरोघरी पोचवायचा, असा छोटा पण नेकीचा धंदा. वडील गेल्यावर बहिणीला शिकवलं त्यानं, तिचं लग्नही त्यानंच लावून दिलं. आला की हक्कानं आत जाऊन बसायचा.

तिनं दोघांना चहा ओतला. मास्तरनं विषय काढला.

"दादा, उद्या बेकरीच्या रस्त्यावर सांडपाण्याचा पाइप टाकायला खणायचंय. मशीन लावायच्या आधी तुमच्या लाइनीवर खुणा करून द्या."

दादा हसला. "अहो मास्तर, घरच्या माणसाला कसल्या खुणा? लाइन भिंतीच्या कडेकडेनं जाते. तुम्ही रस्त्याच्या मधोमध बिनधास्त खणा."

"तरी पण पिवळा रंग मारून दिला असता, तर..."

"दिला असता हो. पण माझ्याकडे माणसं दोन, त्यातला एक रजेवर. रंग वाळेपर्यंत थांबलात तर ठेकेदार दुसरं मशीन आणून उभं करील. वडिलांनी टाकलेली लाइन आहे, डोळे मिटून सांगतो कुठून जाते ती."

परका कोणी असता तर मास्तरनं कदाचित हट्ट धरला असता. पण मेहुण्याच्या शब्दावर शंका घेणं त्याच्या जिभेवर येईना. त्यानं चहा संपवला आणि कप स्वतःच विसळून ठेवला.

खणण्याआधी गॅसवाल्याला कळवायचं, त्यानं येऊन जमिनीवर पिवळ्या खुणा करून द्यायच्या आणि खुणेच्या आसपास मशीन न लावता हातानं माती काढायची, असा साधा नियम आहे. तो मोठ्या कंपनीला लागू आहे आणि चार रस्त्यांच्या मालकालाही. पण दादाच्या वस्तीत सगळे एकमेकांना ओळखत होते. ओळखीच्या माणसाला नियम दाखवणं म्हणजे त्याचा अपमान करणं, अशी तिथली समजूत. दादा सगळ्यांनाच तोंडी सांगायचा. लोक ऐकायचे. आजवर काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एका पांढऱ्या शर्टाची बाही इस्त्री करत होती. धाडकन आवाज झाला आणि काचा थरथरल्या. रस्त्यावरून कोणीतरी धावत गेलं. कोणीतरी बेकरीचं नाव घेऊन ओरडलं. तिनं ते ऐकलं, आणि तरीही हातातली बाही पुरी केली. कॉलर केली. शर्टाची घडी घातली, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मग ती घराबाहेर पडली.

नंतर लोकांनी तिला सांगितलं की मशीनच्या दातात पाइप अडकला, तेव्हा शिट्टीसारखा आवाज आला. मास्तरनं खड्ड्यातल्या मजुरांना ओरडून पळवलं. इंजिन बंद करायला त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात भडका उडाला. मजूर वाचले. मास्तर केबिनमधून बाहेर येऊ शकला नाही.

हे सगळं ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. सांत्वनाला येणाऱ्यांनाच ती पाणी द्यायची. रडू येत नव्हतं. आतलं सगळं जणू कोणीतरी झाकण लावून बंद केलं होतं. लोकांचे कपडे अडकले होते, म्हणून तिनं पुन्हा इस्त्री लावली. मास्तरचा एक शर्ट गठ्ठ्यात सापडला, तोही तिनं इस्त्री करून ठेवला. कोणाला द्यायचा, हे मात्र तिला सुचेना.

काही दिवसांनी दादा आला, बरोबर आई. दादाची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तो मोडलेला होता, यात खोटं काही नव्हतं.

"लाइन मीच सरकवली होती गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बेकरीला जोडणी दिली तेव्हा भिंतीकडून रस्त्याच्या मधे घेतली. डोक्यातूनच गेलं बघ."

ती इस्त्री फिरवत राहिली.

"उद्या चौकशीला अधिकारी बाई येतायत. मी त्यांना सांगणार आहे, मास्तर मला विचारायला आलेच नाहीत. तू एवढंच म्हण, मला काही माहीत नाही."

"त्यांनी विचारलं होतं, दादा."

"अगं, मला का ठाऊक नाही? पण लाइन बंद पडली तर आईचं काय, तुझ्या भाचीचं काय? आणि तुला तरी कोण बघणार? मीच ना?"

आईनं तिचा हात धरला. "गेलेला काय परत येणार आहे? त्याला आता कोण बोल लावणार? जिवंत आहेत त्यांचं बघ. एकानं जीव गमावला, आता दुसऱ्याला तुरुंगात धाडतेस?"

"मास्तर न विचारता खणत होते असं लोक म्हणतील, आई."

"म्हणू देत. लोक चार दिवसांत विसरतात."

ती काही बोलली नाही. आईनं ती कबुली समजली, जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दादा दारात थांबला. मग चपला घालून गेला.

चौकशी दादाच्या ऑफिसात झाली. टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात पाइपांचे तुकडे आणि रंगाचा डबा. डब्याचं झाकण इतकं गंजलं होतं की ते कैक दिवसांत उघडलं नसावं. अधिकारी बाई मध्यम वयाच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. दादानं ठरवल्याप्रमाणे सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि तिच्याकडे वळल्या.

"तुमच्या मिस्टरांनी खुणा मागितल्या होत्या का? तुम्हाला काही कल्पना?"

आई खुर्चीत पुढे सरकली. दादा खाली बघत होता. तिला त्याचे हात दिसले. ह्याच हातांनी त्यानं तिला लहानपणी सायकल शिकवली होती. तिला त्याचा राग आला नाही. रागसुद्धा त्या झाकणाखालीच होता.

"मागितल्या होत्या," ती म्हणाली. "माझ्या घरात. चहा मीच ओतला होता. दादा म्हणाला, घरच्या माणसाला कसल्या खुणा."

"अगं ए!" आई ओरडली.

"मधोमध खणा म्हणाला. ते मधोमध खणत होते."

बाईंनी दादाकडे पाहिलं. "असं किती जणांना तोंडी सांगता तुम्ही?"

दादाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "सगळ्यांनाच. आजवर काही झालं नव्हतं, बाई."

"व्हायचं राहिलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमची लाइन छोटी असेल, भाऊ. तिच्यातला गॅस छोटा नसतो."

गॅस बंद झाला. मोठ्या कंपनीची माणसं जमिनीखालचे पाइप शोधायचं यंत्र घेऊन आली आणि दादाला बरोबर घेऊन रस्ता न रस्ता फिरली. डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाचे अंदाज ठिकठिकाणी चुकले. एक पाइप तर शाळेच्या फाटकाखालून निघाला. प्रत्येक ठिकाणी पिवळी रेघ ओढली गेली. दादावर खटला उभा राहिला तो वेगळाच. आईनं तिच्याकडे येणं सोडलं. वस्तीत दोन तट पडले. सख्ख्या भावाला बुडवलं, असं म्हणणारे जास्त होते. चुली बंद पडल्या होत्या, त्याचा रागही तिच्यावरच निघाला. काही गिऱ्हाइकांनी कपडे दुसरीकडे टाकले. ती उरलेले करत राहिली.

गॅस पुन्हा सुरू झाल्यावर एका सकाळी समोरचा सुतार अंगणात कुंपणाचे खांब रोवायला पहार घेऊन उभा राहिला. तिनं दुकानातून पाहिलं. इस्त्री बंद केली, रस्ता ओलांडला आणि तो पहार मारणार होता नेमक्या त्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा ताई."

"खुणा करून घेतल्या का?"

"एवढ्याशा खड्ड्याला कसल्या खुणा? मी इथे जन्माला आलोय. इथून काही जात नाही."

ती हलली नाही. सुतार आधी हसला, मग वैतागला. त्यानं बायकोला हाक मारली. बायकोनं समजावलं, शेजारचेही जमले. कोणीतरी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. तिनं ऐकलं. तिला वाईटही वाटलं नाही, लाजही वाटली नाही. फक्त पाय दुखत होते. शेवटी सुतारानं पहार आपटली, आत गेला आणि फोन लावला.

दुसऱ्या दिवशी गॅसचा माणूस आला. यंत्र फिरवलं, रेघ ओढली. रेघ कुंपणापासून चांगली लांब, रस्त्याच्या पलीकडे होती.

सुतार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बघा! उगाच माझा दिवस खाल्लात. म्हटलं होतं ना, इथून लाइन जात नाही?"

ती त्या पिवळ्या रेघेकडे बघत उभी होती. रंग अजून ओला होता.

"नाही ना जात?" ती म्हणाली. "मग आता खणा."