आधी घरी फोन

मी एक जुना, पत्र्याचा औषधांचा डबा आहे. नारायण पेठेतल्या एका कारागिराने मला ठोकूनठाकून घडवलं, वर लाल फुली रंगवली आणि मी हिंजवडीच्या एका बालवाडीत भिंतीवर जाऊन बसलो. कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांची मुलं आमच्याकडे. मित्रांनो, मी इतके गुडघे नि कोपरं पाहिली, की खेळताना पडलेलं पोर मला लांबून ओळखू येतं. कुणाला खरचटलं की माझी आठवण निघायची, कौतुकही व्हायचं.

चैतालीच्या बाबतीत मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. चार वर्षांची पोर. आमच्या मावशी कांताबाई तिचा फ्रॉक बदलत होत्या, तेव्हा दंडाच्या आतल्या बाजूला निळे डाग दिसले. तिथे कोण आपटतं हो?

शाळेचा नियम असा, की मुलाला काही झालं तर आधी घरी फोन. खरचटण्यापुरता नियम सोन्यासारखा. चैतालीच्या वर्गाच्या आम्रपालीबाईंनी तो इथेही पाळला, आणि तिथेच घात झाला. घरून उत्तर आलं, जिन्यावरून पडली. म्हणे जिना! राहायला तळमजल्यावर. त्यानंतर चैताली आठवडाभर आलीच नाही. आली ती भर एप्रिलात स्वेटर घालून, आणि कुणीही न विचारता म्हणाली, "मी जिन्यावरून पडले." मला धडकीच भरली. वडील हसतमुख, मावशींनाही नमस्कार करायचे. त्या हसण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आई तर मानच वर करेना.

आम्रपालीबाईंनी हे मुख्याध्यापिकांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, पुरावा नाही, उगाच कुणाची अब्रू काढू नका. बाईंच्या नोकरीची काळजीही त्यांनी गोड आवाजात बोलून दाखवली.

सोमवारी मावशींनी तो स्वेटर उतरवला. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. आम्रपालीबाई फोनकडे वळल्या.

"बाई, घरी नका लावू," कांताबाई म्हणाल्या. "पोर संध्याकाळी त्याच घरात जाणार आहे."

बाई थबकल्या. मग त्यांनी १०९८ फिरवला, मुलांच्या मदतीचा नंबर.

"कुणी मारलं, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण शंका आहे, आणि चार वाजता तिला न्यायला येतील."

साडेतीनला मदत केंद्राच्या दोन ताई आल्या, सोबत साध्या साडीतल्या पोलीसबाई. त्या दिवशी चैताली त्या घरी गेली नाही.

आता मी गंजलोय, अडगळीत पडलोय. माझी निगा राखा, असं माझं मागणं नाही. मित्रांनो, वर्गात कुणी असं दिसलं तर बाईंना सांगा. आणि बाई, तुम्ही पुरावा शोधत बसू नका. तो शोधणारी माणसं वेगळी आहेत, त्यांना आधी कळवा. आमच्या त्या पहिल्या फोननंतर चैताली आठवडाभर घरात होती. त्या सात दिवसांत काय झालं, ते तिने अजून कुणालाच सांगितलेलं नाही.